पुण्याचं तारुण्य आणि अंगावरचे वळ

सोळा-सतरा वर्षांचा मुलगा वर्षभरात सपाट्याने उंच होतो आणि त्याच्या कंबरेच्या वर, पाठीवर, आडव्या समांतर रेषा उठतात. त्या इतक्या ठळक असतात की शाळेत कुणी छडीने मारलं की काय, अशी शंका घरच्यांना यावी. त्याच वयाच्या मुलीच्या मांड्यांवर, नितंबांवर, छातीच्या कडेला जांभळट किंवा तपकिरी रेषा येतात, पुढे त्या फिकट पडतात, आणि ती कपडे निवडताना त्यांचा विचार करू लागते. व्यायामशाळेत नव्याने जाऊ लागलेल्या तरुणाच्या खांद्यापाशी, काखेच्या पुढच्या घडीवर, तसेच वळ दिसतात. स्ट्रेच मार्क्स या नावाने आज पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांपुढे येणारी ही तक्रार बहुतेकांना अगदी अलीकडची, मोबाइलच्या कॅमेऱ्याने आणि जाहिरातींनी जन्माला घातलेली वाटते. या खुणा माणसाच्या त्वचेइतक्याच जुन्या आहेत. त्या तरुणांच्या म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या, ही गोष्ट मात्र खरोखर नवी आहे, आणि तिचं कारण जाहिरातींच्या कितीतरी आधीच्या पुण्यात सापडतं. या शहरात तारुण्य नावाचा टप्पा घडवावा लागला. मुलींच्या बाबतीत तर तो भांडून मिळवावा लागला. तो टप्पा उभा राहिला तेव्हाच त्या वयातल्या शरीराच्या खुणा वेगळ्या दिसू शकल्या. उपचारांचा इतिहासही याला जोडूनच वाचायला हवा, कारण वाढत्या शरीराला बाजूला ठेवून नुसत्या कातडीवर इलाज करण्याचा प्रयत्न जेव्हा जेव्हा झाला, तेव्हा तेव्हा तो फसला आणि काही वेळा अपायकारकही ठरला.

आधी त्वचेत काय घडतं ते पाहू. वरचा पातळ थर शाबूत असतो. बिघाड त्याखालच्या जाड थरात, अंतस्त्वचेत होतो. तिथे कोलॅजन आणि इलॅस्टिन या प्रथिनांचे तंतू त्वचेला बळ आणि लवचिकपणा देतात. शरीर वेगाने वाढलं की हे तंतू ताणले जातात, तुटतात आणि पुन्हा पहिल्यासारखे विणले जात नाहीत. धुऊन धुऊन विरलेलं सुती धोतर हातात धरलं तर सलग वाटतं आणि उजेडासमोर धरलं की धागे सरकलेले दिसतात, तशी ही अवस्था असते. सुरुवातीला तिथल्या रक्तवाहिन्यांमुळे रेघ लाल-जांभळी दिसते, सावळ्या त्वचेवर ती काळपट किंवा निळसरही वाटते. पुढे महिन्या-दीड महिन्यात नव्हे, तर सहसा वर्ष-दोन वर्षांत ती पांढुरकी, किंचित खोलगट आणि बारीक सुरकुत्यांची होते. नुसता ताण मात्र पुरेसा नसतो. किशोरवयात आणि गरोदरपणी बदलणारी संप्रेरकं, विशेषतः कॉर्टिसॉल, तंतू बनवणाऱ्या पेशींचं काम मंदावतात. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे: २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात या वळांचा संबंध इलॅस्टिनच्या जनुकाजवळच्या भागाशी आढळला. म्हणून एकाच घरातल्या दोन बहिणी एकाच वेगाने वाढल्या तरी एकीच्या अंगावर वळ येतात आणि दुसरीच्या येत नाहीत. यात स्वच्छतेची, आळसाची किंवा चारित्र्याची काहीही चूक नसते. हे इतकं स्पष्ट सांगावं लागतं, कारण तरुण मुलं याच तीन गोष्टींचा दोष स्वतःला देत असतात.

आपल्याकडच्या वैद्यकाने या खुणांची दखल फार पूर्वी घेतली आहे, पण ती गर्भिणीच्या संदर्भात. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, गरोदरपणाच्या सातव्या महिन्याच्या वर्णनात एक छोटासा वाद नोंदलेला आहे. स्त्रिया म्हणतात की गर्भाला केस फुटू लागतात म्हणून आईच्या अंगाची आग होते. संहितेतले गुरू आत्रेय हे मान्य करत नाहीत. वाढत्या गर्भाच्या दाबाने वात, पित्त, कफ हे दोष वर सरकतात, त्यातून दाह होतो, दाहातून खाज आणि खाजेतून किक्किस, अशी कारणांची साखळी ते मांडतात. नंतरच्या टीकाकारांनी किक्किसाचा अर्थ पोट, स्तन आणि मांड्यांवरची त्वचा फाटून येणाऱ्या रेषा असा लावला. त्यांचं दोषांचं शास्त्र आजच्या शरीरशास्त्रात बसत नाही, हे उघड आहे. तरीही आतून येणारा दाब हे कारण मानणं आणि लोकांच्या समजुतीला थेट नकार देणं, ही विचाराची दिशा लक्षणीय आहे. उपचारांत बोराच्या पाण्याबरोबर औषधी लोणी, चंदन आणि कमळाच्या देठाचा लेप, कडुनिंब, तुळस, मंजिष्ठा, हळद यांचे कल्क, कण्हेरीच्या पानांनी सिद्ध केलेलं तेल असं बरंच काही येतं. त्याच जागी एक बारीक सूचना आहे: खाज आली तरी नखांनी खाजवू नये, म्हणजे त्वचा फाटून विद्रूप होणार नाही, अगदीच असह्य झालं तर हाताने चोळावं. शरीराच्या विद्रूपतेची काळजी हे आधुनिक चोचले आहेत असं म्हणणाऱ्यांनी ही सूचना वाचावी. बाईला आपलं पोट कसं दिसेल याची चिंता वाटते, आणि ती चिंता वैद्याने लक्षात घ्यायची असते, हे त्या ग्रंथात गृहीत धरलेलं आहे.

मग त्याच रेषा वयात येणाऱ्या मुलीच्या मांड्यांवरही दिसत असणार, तरी त्या आईपणाशीच का जोडल्या गेल्या? याचं उत्तर एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याकडे पाहिलं की मिळतं. पेठांतल्या वरच्या जातींच्या घरांत मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई, ऋतुप्राप्ती झाली की गर्भाधानाचा विधी आणि त्यापाठोपाठ बाळंतपण. रमाबाई रानडे १८७३ साली पुण्यातल्या रानड्यांच्या घरात आल्या तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांतच गेलं. अशा आयुष्यात वाढीच्या वयातला ताण आणि गर्भाचा ताण यांच्यात वर्ष-दोन वर्षांचंच अंतर उरे. मांडीवरची रेघ वाढीने आली की बाळंतपणाने, हे वेगळं काढण्यासाठी मध्ये जो काळ हवा, तोच नव्हता. १८९१ साली संमतिवयाचं विधेयक आलं, ते वय दहावरून बारावर नेण्यापुरतंच होतं, आणि तरी पुणं त्यावरून दुभंगलं. टिळक विरोधात उभे राहिले, रानडे-भांडारकर बाजूने. मुलींची हुजूरपागेची शाळा १८८४ मध्ये निघाली होती. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, १९०७ मध्ये महिला विद्यालय आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. शारदा कायद्याने १९२९ साली मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं. या एकेका पायरीने मुलीच्या आयुष्यात बालपण आणि मातृत्व यांच्यामध्ये काही वर्षं मोकळी होत गेली. वीस वर्षांची अविवाहित विद्यार्थिनी ही व्यक्ती त्या मोकळ्या जागेत जन्मली, आणि तिच्या अंगावरचे वळ गर्भारपणाचे नाहीत हे उघडच असल्यामुळे त्यांना वेगळं स्पष्टीकरण लागू लागलं.

यावर आक्षेप असा घेता येईल की हे सगळं मोजक्या वरच्या जातींचं चित्र झालं. कसब्यातल्या कारागिरांच्या, भवानी-नाना पेठेतल्या कष्टकऱ्यांच्या, आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या मुलींचं काय? आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्या मांडणीला बळच देतो. त्या घरांतही लग्नं लवकर होत, शिवाय खाणं तुटपुंजं असे. दुष्काळाच्या वर्षी तर वाढच खुंटे. १८७६–७८ चा दख्खनचा दुष्काळ पुणे जिल्ह्याने सोसला होता. शरीर भरभर वाढण्याची चैन ज्यांना परवडत नाही, त्यांच्या त्वचेला ताणही कमी बसतो. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: पूर्वीच्या लोकांना हे वळ दिसत होते, पण त्यांना त्यांचं काही वाटत नव्हतं, मग आजच्या अस्वस्थतेला इतिहासाचा आधार देण्याची गरजच काय? काही वाटत नसणं आणि काही बोलता न येणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मुलीने आपल्या मांडीबद्दल कुणाला विचारावं अशी जागाच तेव्हा नव्हती. मराठीत ती जागा ज्यांनी धडपडून तयार केली त्यांत रघुनाथ धोंडो कर्व्यांचं नाव पहिलं. पुण्याच्या फर्ग्युसनचे हे पदवीधर. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी मुंबईहून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, आणि त्यातल्या वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली, तरी दंड झालाच. स्वतःच्या शरीराविषयी साधा प्रश्न विचारणाऱ्या वाचकाला उत्तर देणं हा तेव्हा गुन्हा ठरत होता. अशा समाजातल्या शांततेला समाधान म्हणणं न्यायाचं नाही.

मुलांची गोष्ट निराळी होती, कारण त्यांच्यासाठी पुण्यात एक जागा होती जिथे उघड्या शरीराकडे पाहिलं जाई, त्याची मापं काढली जात आणि त्याच्या वाढीची चर्चा होई. ती जागा म्हणजे तालीम. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं, आणि पेशवाई गेली तरी पेठापेठांतल्या तालमी टिकल्या. चिंचेची तालीम, जगोबादादांची तालीम, शिवरामदादांची तालीम, खालकर तालीम ही नावं आजही पत्ता सांगताना येतात. तालमीतला हौद तांबड्या मातीचा. माती चाळून घ्यायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर मिसळायचा आणि ती फावड्याने उकरून, पाणी मारून मऊ ठेवायची. कोरडी पडली तर अंग सोलवटतं. पहाटे जोर-बैठका, मग लढत, मग एकमेकांच्या अंगाला तेल लावून मर्दन. धाकट्याने थोरल्याचं अंग रगडायचं, खांद्यापासून मनगटापर्यंत आणि मांडीपासून पोटरीपर्यंत हात चालवायचा, हा शिक्षणाचाच भाग. त्यानंतर खुराक: दूध, तूप, बदामाची थंडाई. वस्तादाची नजर प्रत्येकाच्या अंगावर असे आणि वजन कसं चढतंय हे त्याला काट्याशिवाय कळे. १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं तेव्हा मैदानी खेळ, कवायत आणि शास्त्रशुद्ध शारीरिक शिक्षण या गोष्टी त्यात आल्या, आणि पांढरपेशा घरांतली मुलंही व्यायामाकडे वळली. तरुण पुरुषाचं शरीर हे घडवण्याचं, दाखवण्याचं आणि जपण्याचं काम आहे, हा संस्कार या शहराला तिथून मिळाला.

तालमीच्या अभिमान्यांचा एक दावा नेहमी ऐकायला मिळतो: रोजच्या तेल-मालिशीमुळे पैलवानाच्या अंगावर वळ येत नाहीत, म्हणून आजच्या पोरांनीही तेच करावं. हाच दावा बाळंतिणीच्या संदर्भात घराघरांत होतो. न्हाऊ घालायला येणारी बाई तिळाचं किंवा खोबऱ्याचं तेल जिरवते, शेक-शेगडी होते, पोट सुती पट्ट्याने बांधलं जातं, आणि वळ राहिले तर तेल नीट जिरलं नाही असा शेरा मिळतो. तपासलं तर या दाव्याला आधार सापडत नाही. गरोदरपणातले वळ टाळण्यासाठी लावायच्या तेलां-मलमांवरच्या प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा चाचण्या आणि ८०० स्त्रिया होत्या. ऑलिव्ह तेल, कोको बटर किंवा तत्सम मलम लावलेल्यांत आणि न लावलेल्यांत वळांच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. तेल वरच्या थराला मऊ करतं, खाज कमी करतं, कोरडी त्वचा सुधारतं. तुटलेले तंतू जिथे आहेत त्या खोलीपर्यंत ते पोचत नाही. पण मालिश निरुपयोगी होती असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. बाळंतिणीला दीड महिना रोज कुणीतरी हात लावतं, तिचं अंग पाहतं, ती निवांत पडून राहते, हे स्वतंत्र मोलाचं आहे. तालमीत खरं संरक्षण कशाने मिळत असेल, तर ते माझ्या मते तेलाने नव्हे, गतीने. आठव्या-दहाव्या वर्षी लंगोट बांधलेला मुलगा दहा-बारा वर्षांत पैलवान होई; रोजच्या जोरांची संख्या हळूहळू चढे, वजनही तसंच. आजचा एकोणीस वर्षांचा मुलगा जिममध्ये सहा महिन्यांत छाती भरायची म्हणतो, प्रोटीनचे डबे आणि कधी कधी त्याहून घातक इंजेक्शनं घेतो. स्नायू ऐकतात, त्वचा मागे राहते. बाहेरून घेतलेली अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड ही वाढ अनैसर्गिक वेगाने करतात, म्हणून त्यांच्या वापरात खांद्या-छातीवरचे वळ ही वैद्यकाला परिचित खूण आहे.

शरीराच्या वाढीचा वेगच बदलला आहे का, या प्रश्नावर पुण्याकडे चांगली साधनं आहेत. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो, तरीही पुण्याच्या हडकुळ्या बाळाच्या पाठीवरची कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. हा शोध मधुमेहासाठी होता, त्वचेसाठी नव्हता. पण त्यातून एक गोष्ट कळते: स्नायूंत कमी आणि चरबीत पुढे असलेलं शरीर घेऊन आपली मुलं जन्मतात, आणि शहरातलं खाणं-बसणं मिळालं की किशोरवयात त्यांचं वजन पटकन चढतं. किशोरवयातला लठ्ठपणा हा वळांचा मोठा जोखीमघटक आहे. जहांगीर रुग्णालयाशी संलग्न संशोधन संस्थेत वामन आणि अनुराधा खाडिलकर यांनी भारतीय मुलांच्या उंची-वजनाचं जे काम केलं, त्याचा भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या सुधारित वाढ-तक्त्यांत मोठा वाटा आहे. ५ ते १८ वयासाठी नवे तक्ते करावे लागले, कारण आधीच्या पिढीवर बेतलेली मापं आजच्या मुलांना लागू पडेनात. पाठीवर आडवे वळ आलेल्या उंच मुलाच्या आईवडिलांना डॉक्टरने आधी हे तक्ते दाखवावेत. वर्षात आठ-नऊ सेंटिमीटर उंच झालेल्या मुलाच्या पाठीवर वळ दिसणं ही पोटभर जेवणाऱ्या पिढीची खूण आहे. दुष्काळ पाहिलेल्या या जिल्ह्यात तिचं मोल कळायला हवं.

या इतिहासातलं सर्वांत दुःखद पान विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलं गेलं, आणि ते औषधानेच लिहिलं. १९३२ साली हार्वे कुशिंग यांनी ज्या आजाराचं वर्णन केलं, त्यात पोटावरचे रुंद जांभळे वळ हे ठळक लक्षण होतं. शरीरात कॉर्टिसॉल वाढलं की त्वचा कशी विरते याचा तो पुरावा. १९४८ मध्ये त्याच कुळातलं स्टेरॉइड, कॉर्टिसोन, संधिवाताच्या रुग्णांना देण्यात आलं, १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं आणि १९५२ पासून हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावलं जाऊ लागलं. इसब, सोरायसिस अशा आजारांत या औषधांनी लोकांना खरोखर दिलासा दिला. ते नाकारण्यात अर्थ नाही. घात झाला तो ती औषधं दुकानात मिळू लागली तेव्हा. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकाच ट्यूबमध्ये भरून ‘खाज-नायट्याचं मलम’ म्हणून विकलं गेलं. घामट हवा, घट्ट जीन्स, वसतिगृहात एकत्र धुतलेले आणि नीट न वाळलेले कपडे, यांतून मांडीच्या सांध्यात गजकर्ण होतं. तरुण मुलगा लाजेने डॉक्टरकडे जात नाही. ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते, म्हणून तो महिनोन्‌महिने लावत जातो. जांघेची त्वचा मुळात पातळ, घडीत औषध जास्त मुरतं, आणि एके दिवशी तिथे बोटाएवढे रुंद, लालभडक वळ दिसतात. वाढीच्या वळांसारखे हे नुसते फिकट होऊन विसरता येत नाहीत. ते रुंद असतात, खोल असतात आणि कायमचे राहतात. देशातल्या १२ केंद्रांत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जणांनी चेहऱ्यावर स्टेरॉइड मलम वापरलेलं होतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने यासाठी खास गट नेमला, पाठपुरावा केला, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली.

इथे औषध विक्रेत्यांच्या बाजूचा एक मुद्दा ऐकून घ्यायला हवा. गरीब माणसाला त्वचारोगतज्ज्ञाची फी परवडत नाही, सरकारी रुग्णालयात दिवस मोडतो, मग दुकानदाराने वीस-तीस रुपयांत खाज थांबवली तर त्याला दोष का द्यायचा? १८६७ पासून उभं असलेलं ससून आणि त्याला जोडलेलं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय या शहरात आहे, तरी रांगेचा प्रश्न खराच आहे. पण या युक्तिवादात एक गोष्ट लपते. नुसतं बुरशीनाशक मलमही तितक्याच स्वस्तात मिळतं आणि ते चिठ्ठीशिवाय देण्यात फारसा धोका नाही; फक्त त्याने खाज लगेच थांबत नाही. गिऱ्हाईक परत यावं म्हणून लगेच थांबवणारी ट्यूब पुढे केली जाते. त्या घाईची किंमत वीस वर्षांच्या मुलाची त्वचा आयुष्यभर मोजते.

आता उपचारांबद्दल. काही तरुणांना हे वळ नको असतात, आणि ‘मन मोठं करा’ एवढंच सांगून त्यांना परत पाठवणं मला पटत नाही. चरकाच्या वैद्यालाही विद्रूपतेची फिकीर होती. मात्र काय शक्य आहे ते नेमकं सांगायला हवं. रेघ लाल-जांभळी असताना उपचाराला वाव असतो, पांढरी झाल्यावर तो बराच कमी होतो. १९९६ साली मिशिगन विद्यापीठात २२ रुग्णांवर ट्रेटिनॉइन मलमाची चाचणी झाली. २४ आठवड्यांनी कोवळ्या वळांची लांबी सरासरी १४ टक्के आणि रुंदी ८ टक्के कमी झाली. फरक पडला, पण वळ पुसले गेले नाहीत. हे मलम गरोदरपणात आणि गर्भधारणेची शक्यता असताना वापरायचं नसतं. लाल वळांसाठी रक्तवाहिन्यांवर काम करणारे लेसर, पांढऱ्यांसाठी फ्रॅक्शनल लेसर किंवा सूक्ष्म सुयांचे उपचार आहेत. त्यांनी खोलगटपणा आणि पोत सुधारतो, मात्र अनेक बैठका आणि बराच पैसा लागतो. गोऱ्या त्वचेवर बेतलेली लेसरची मात्रा आपल्या सावळ्या त्वचेला चटके देऊन काळे डाग पाडू शकते, म्हणून त्या त्वचेचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडेच जावं. ‘एका महिन्यात शंभर टक्के’ असं सांगणाऱ्या दवाखान्यातून पाऊल मागे घ्यावं.

काही वळ मात्र दिसण्याचा प्रश्न बाजूला ठेवून तपासलेच पाहिजेत. एक सेंटिमीटरहून रुंद, गडद जांभळे वळ, सोबत चेहरा गोल होणं, मांड्या-दंडांची ताकद जाणं, रक्तदाब चढणं, पाळी बिघडणं, असं असेल तर कॉर्टिसॉलची चाचणी करायला हवी. आधी विचारायचा प्रश्न अगदी साधा आहे: कुठलं मलम, कुठल्या गोळ्या, कुठली पावडर, कुठलं इंजेक्शन चालू आहे? दमा किंवा संधिवातासाठी दिलेली स्टेरॉइड असतील तर ती स्वतःच्या मनाने अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवायची असतात. आणि हा प्रश्न विचारताना मुलाच्या किंवा मुलीच्या सोबत आलेल्या मोठ्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगावं. जांघेतल्या खाजेची, जिममधल्या इंजेक्शनची किंवा अंगावरच्या रेषांमुळे मित्र-मैत्रिणींनी केलेल्या टिंगलीची गोष्ट आईबापांसमोर बाहेर पडत नाही, आणि ती बाहेर पडल्याशिवाय पुढचा इलाज ठरत नाही.